चुलीचा पडदा

जोतीराम सुतार माझ्या शेजारी राहतात. त्यांच्याबद्दल लिहा असं त्यांनी मला सांगितलेलं नाही, आणि मला लिहिता येतं असंही कधी कुणी म्हणालेलं नाही. साताऱ्याच्या कचेरीत मी जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर टाइप केला, एवढाच माझा लिहिण्याशी संबंध. पण यंदा दसऱ्याच्या सुमाराला जे पाहिलं ते मनातून जात नाही.

आमच्या घरांची मधली भिंत एकच आहे. जोतीरामांची बायको शालूबाई होती तोवर त्या भिंतीतून भांडी वाजायची, तिचं बोलणं ऐकू यायचं. ती गेली आणि भिंत मुकी झाली. जोतीरामांनी कामं घेणं सोडलं. रोज पत्र्याच्या शेडमध्ये बसून रंध्याला, पटाश्यांना तेल लावायचे, पुसायचे, परत ठेवायचे. माझीही बायको गेलेली, मीही एकटाच, म्हणून जाऊन बसायचो. दोघांनाही खानावळीचा डबा यायचा. बोलणं फारसं नसायचं.

गणपतीला त्यांची मुलगी क्रांती सांगलीहून आली. तिच्या नवऱ्याचा तिथल्या पेठेत हळदीचा व्यापार आहे. शेडच्या दारात उभी राहून म्हणाली, "आप्पा, ही हत्यारं कुणाला तरी देऊन टाका आन् चला सांगलीला. हितं कुणासाठी बसलाय?"

"माझी कामं हायत."

"कुठली? तेल लावायची? पैलवान हायत का त्या पटाश्या?"

जोतीराम माझ्याकडे बघू लागले. मी जमिनीकडे.

"दसऱ्याला मी गाडी घिऊन येती," क्रांती म्हणाली. "तवर एक काम, सुरवातीपासनं शेवटपर्यंत, तुमच्या हातानं झालेलं दावा. मग मी परत इषय काढणार न्हाई. न्हाईतर गुमान गाडीत बसायचं."

"दावतो," जोतीराम म्हणाले. एवढ्या ठाम आवाजात ते बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

काम आलं ते पाचगणीहून. तिथे मयूरी नावाच्या बाईंचा जुना बंगला आहे, पर्यटकांना भाड्याने देतात. त्याच्या खिडक्या पूर्वी जोतीरामांनी केलेल्या. दिवाणखान्याच्या भिंतीत साहेबी थाटाची शेकोटी आहे, वर धुराडं. आता कुणी पेटवत नाही. तो काळा कोनाडा झाकायला बाईंना नक्षीची जाळी हवी होती, तीन घड्यांची, बिजागऱ्या लावून उभी राहणारी, पांढऱ्या रंगाची. शेडवर येऊन त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला.

"म्हंजी चुलीला पडदा," जोतीराम म्हणाले. "चूल काय नवी नवरी हाय व्हय?"

बाई हसल्या. "आणि काका, सागवान नको. एमडीएफमध्ये करा. हलकं होईल."

"जाळ लागला तर?"

"जाळ नाहीच. आत नुसते विजेचे दिवे लावणार."

एमडीएफ म्हणजे भुसा आणि डिंक दाबून केलेला फळा. जोतीरामांनी तो कधी हातात धरला नव्हता. फळा आला तेव्हा त्यावरून तळवा फिरवत ते मला म्हणाले, "ह्येला रेषाच न्हाईत वो नानासो. कुठल्या अंगानं चालायचं?"

पण चालले. पेन्सिलीने वेली काढल्या, मशीनच्या बारीक करवतीने कापल्या. पिठासारखा भुसा उडायचा. नाकाला उपरणं बांधून ते वाकलेले असायचे आणि मी फळ्याचं दुसरं टोक धरायचो. कानस आणि पॉलिश पेपर मारून वेलीची पानं इतकी गुळगुळीत झाली की मला उगाच बोट लावावंसं वाटायचं.

रंग द्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी घरातून वाटी आणली. शालूबाईचा रिवाज होता. चौकट असो, पाट असो, पॉलिशच्या आधी कोऱ्या लाकडाला ती हळदीची पाच बोटं ओढायची. त्याशिवाय वस्तू घराबाहेर जायची नाही. जोतीरामांनी क्रांतीने आणलेली सांगलीची हळद पाण्यात कालवली आणि तिन्ही घड्यांच्या खालच्या कडेला बोटं ओढली. पाणी ओघळलं. आम्हा दोघांना त्याचं काही वाटलं नाही. सागवानाला काय होतं?

सकाळी ते शेडच्या पायरीवर बसले होते. "फुगलं," म्हणाले. "चहातल्या खारीवानी."

खालच्या कडा सुजून फाकल्या होत्या. डाग काढायला त्यांनी साबणाचं पाणी लावलं होतं, तर पिवळ्याचं लाल झालं आणि सूज आणखी वाढली.

"हात गेला माझा, नानासो. क्रांतीला फोन लावतो. गाडी लौकर आण म्हणतो."

मला धीर देता येत नाही. तरी म्हणालो, "भाऊ, हात कुठे गेला? हळद पातळ झाली."

त्यांनी वाटी उचलून तिरपी केली. "कालवायची ती. किती पानी घालती, ते मी कवा बघितलंच न्हाई."

दुपारी करवतीचा आवाज आला. त्यांनी तिन्ही घड्यांच्या सुजलेल्या कडा कापून टाकल्या होत्या. उंची कमी पडली, म्हणून घरचा देव्हारा केला तेव्हा उरलेल्या सागवानाच्या पट्ट्या खाली पायासारख्या जोडल्या. या वेळी हळद घट्ट कालवली, आणि बोटं ओढली ती सागवानावर, आतल्या बाजूला. मग वेलींना पांढरा रंग दिला, सागवान तसंच ठेवलं.

दसऱ्याला क्रांती आली. जोतीराम गाडीत पुढे बसले, पण सांगलीला नव्हे, पाचगणीला जाण्यासाठी. मागे चादरीत गुंडाळलेला पडदा, आणि त्याला धरून मी.

मयूरीबाईंनी आत दिवे लावले. पांढऱ्या वेलींची सावली फरशीवर पसरली. "काका, खाली लाकूड लावलंत ते किती शोभतंय!" त्या म्हणाल्या. क्रांती वाकून मागच्या बाजूला बघत होती. ती पिवळी बोटं तिला दिसली. गाडीत बसताना पदराने डोळे टिपत ती म्हणाली, "जिंकलासा, आप्पा. ऱ्हावा हितंच."

आम्हाला सोडून ती तशीच सांगलीला निघाली. गाडी वळणाआड गेली तरी जोतीराम फाटकाशी उभे होते. मग आत गेले, मीही आत आलो.

दिवेलागणीला भिंतीपलीकडे कितीतरी दिवसांनी भांडं वाजलं. थोड्या वेळाने आवाज आला, "वो नानासो! पिठल्याला पानी किती घालत्यात?"

मी भिंतीजवळ गेलो. माझ्या घरीही ते मी कधी बघितलं नव्हतं.