वहीतल्या ‘बऱ्या’ बायकांच्या दारी

डॉ. कुमुदबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते नव्वदच्या दशकात, शहापूरच्या त्यांच्या छोट्या दवाखान्यात. मी नवखी परिचारिका. एका बाईला उभं करून त्या म्हणत होत्या, "खोक बघू जोरात." ती खोकली आणि लादीवर लघवी सांडली. मी तोंड फिरवलं. बाईंनी मला बाहेर नेऊन सुनावलं, "तोंड फिरवायचं तर घरी बस. हिच्या घरच्यांनी ते आधीच केलंय." बाईंच्या पंचाहत्तरीच्या गौरव अंकात गोड लिहायचं असतं, हे मला कळतं. पण गोड बोलणं बाईंना कधी जमलं नाही आणि मलाही त्यांनी ते शिकवलं नाही.

म्हसा गावाजवळच्या चांगुणाबाई पाच बाळंतपणांनंतर वाकल्या, शिंकल्या की भिजायच्या. भातलावणीला बायकांच्या ओळीत उभं राहणं त्यांनी सोडलं होतं. "वास येतो गो माजा, पोरी पन लांब बसतात," म्हणाल्या. मूत्रमार्गाला खालून आधार देणारी जाळी तेव्हा आमच्याकडे नवीन होती. बाईंनी ती बसवली. चांगुणाबाई कोरड्या घरी गेल्या आणि आम्ही हुरळून गेलो.

चूक पुढेच झाली. लावणी लागली की आमचा दवाखाना ओस पडतो. तपासणीला बोलावलेली बाई आली नाही, की ती बरी झाली असं आम्ही धरून चालायचो आणि वहीत तिच्या नावापुढे मी ‘बरी’ लिहायचे. चांगुणाबाई मात्र एकदा आल्या होत्या, आत टोचतंय म्हणत. गर्दीत बाईंनी "भरून येईल हो" म्हणून त्यांना परत पाठवलं. पुन्हा त्या फिरकल्या नाहीत. मी ‘बरी’ लिहिलं.

तीन वर्षांनी त्या आल्या तेव्हा जाळीची कड योनीची त्वचा चिरून बाहेर आली होती. नवऱ्याने अंथरूण वेगळं केलं होतं.

"इतके दिवस का नाही आलात?" मी विचारलं.

"बाई बोलल्या ना, भरंल म्हनून. वाट बघत व्हते."

बाई खुर्चीतून उठल्या. "तुम्ही खरं सांगत होतात, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे." एखाद्या डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य मी सबंध नोकरीत तेवढं एकदाच ऐकलं. मला रडू आलं, कारण ‘बरी’ माझ्या अक्षरात होतं.

बाईंनी जाळी बसवणं थांबवलं. वही घेऊन आम्ही दोघी मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंत एसटीने, पायी, दारोदार गेलो. बहुतेक जणी खरंच बऱ्या होत्या. दोघी बऱ्या नव्हत्या. एकीने दार उघडलं नाही. चांगुणाबाईंना बाईंनी स्वतः मुंबईला नेलं, पण जाळी सगळी निघाली नाही.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या सत्काराचं आमंत्रण द्यायला मी परवा चांगुणाबाईंकडे गेले. "येन ना," त्या म्हणाल्या. "पन खुर्ची नको ठेवू माज्यासाठी. बसवत नाय गो. मागं उभी ऱ्हाईन."

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. चांगुणाबाईंचं दुखणं अजून सरलेलं नाही, आणि बाईंशिवाय दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरला त्या आता हात लावू देत नाहीत.