गवतपाण्यामागे

२०१७च्या उन्हाळ्यात आम्ही परदेशात, कनाटा नावाच्या गावात होतो. त्याआधी ओकव्हिलला, त्याआधी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला. माझं टेलिकॉममधलं काम कॉन्ट्रॅक्टचं. पण खरं सांगायचं तर कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आधीच माझे पाय शिवशिवायला लागत. त्या ऑगस्टमध्ये पुन्हा बर्नाबीहून बोलावणं आलं. बायकोने ठाम सांगितलं होतं की आता इथेच घर घ्यायचं. मुलगी बारा वर्षांची, आणि दर शाळेत नवीच. सोमवारपर्यंत मला उत्तर द्यायचं होतं आणि घरात सगळे एकमेकांशी जपून बोलत होते.

आदल्याच दिवशी, रविवारी, आमच्या आंबेडकर असोसिएशनमध्ये वर्षावासानिमित्त, म्हणजे भिक्खू पावसाळाभर एका जागी राहतात त्या काळानिमित्त, माझं भाषण होतं. विषय मीच निवडलेला: सुरुवातीचे तुर्क आणि बुद्ध धम्म. मुसलमान होण्याच्या कितीतरी आधी मंगोलियाच्या माळावर तुर्कांचं राज्य होतं, त्यांच्या राजाला खाकान म्हणत, आणि त्यांच्यातल्या एकाने धम्माला आश्रय देऊन विहारही बांधला होता, हे वाचून मी हरखलो होतो.

पुढे वाचलं आणि पंचाईत झाली. नंतरच्या एका खाकानालाही तटबंदीचं शहर वसवायचं होतं, त्यात विहार बांधायचा होता. त्याच्या म्हाताऱ्या सासऱ्याने, जो त्याचा सल्लागारही होता, त्याला अडवलं. चीनपुढे आपण मूठभर, असं त्याचं म्हणणं. आपण टिकलो ते गवतपाण्यामागे फिरत राहिलो म्हणून. जोर असला की चालून जायचं, नसला की डोंगरात पसार व्हायचं. भिंतींआड बसलो आणि एकदा हरलो, की संपलोच. वर हा धम्म माणसाला मवाळ करतो, लढायच्या कामाचा ठेवत नाही. खाकानाने मुकाट ऐकलं.

धम्माबद्दलचं त्याचं मत मला झोंबलं, पण बाकी म्हातारा भलताच आवडला. आठवडाभर मी त्याचंच गुणगान करत होतो. बायको म्हणाली की तुला बाजू मांडायला वकील हवा होता, तो तेराशे वर्षांपूर्वीचा सापडलाय.

शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये भाषण रंगलं. विहारासाठी जागा शोधणारी मंडळी जरा कुरकुरली, पण मी हट्टाने पटवत राहिलो की कुठे न रुजणं हीसुद्धा एक ताकद असते. मुलगी शेजारी बसून लॅपटॉपवर स्लाइड्स बदलत होती. कुणाला प्रश्न आहेत का विचारलं, तर हात तिनेच वर केला.

"बाबा, व्हेन दे मूव्ह्ड, सगळेच मूव्ह करायचे ना? लाइक, देअर फ्रेंड्स टू?"

मी हो म्हणालो. अख्खी छावणी हलायची; आजीआजोबा, शेजारीपाजारी, घोडे, सगळे.

"ओके," ती म्हणाली. "आय जस्ट वॉन्टेड टू नो."

आणि तिने पुढची स्लाइड लावली. त्यानंतर मी काय बोललो ते मला आठवत नाही. माळ बदलला तरी त्या लोकांची माणसं तीच राहायची, ही साधी गोष्ट एवढं वाचूनही माझ्या डोक्यात आली नव्हती.

सोमवारी मी बर्नाबीला नकार कळवला. हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही कनाटातच घर घेतलं. मला तिथे करमत नव्हतं. खिडकीतून हायवे दिसला की जीव तगमगायचा. राहायला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीने माझ्याकडे हातोडी मागितली. आजवरच्या भाड्याच्या घरांत आम्ही तिला कधी खिळा ठोकू दिला नव्हता. मी हातोडी दिली आणि खाली येऊन बसलो. वर ती कितीतरी वेळ ठोकत होती.