ओमांचं बंद गाव

आइंडहोवनला आमच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक इंग्रज बाई राहायच्या. डच माणसाशी लग्न करून इकडे आलेल्या आणि आता एकट्या. आमची लेक त्यांना ओमा, म्हणजे आजी, म्हणायची, म्हणून आम्हीही. लॉकडाऊनमध्ये कुंपणाच्या दोन बाजूंना बसून आम्ही दोघी कॉफी प्यायचो. अंगणातसुद्धा त्यांना कपाखाली बशी लागायची.

तिथेच त्यांनी इंग्लंडमधल्या आपल्या गावाबद्दल सांगितलं. महायुद्धात सैन्याने सरावासाठी त्यांचं अख्खं गाव रिकामं करून घेतलं, युद्ध संपलं की परत या असं सांगून. गाव अजून सैन्याकडेच आहे. वर्षातले थोडेच दिवस ते लोकांसाठी उघडतं. तेव्हा ओमा जायच्या, चर्चच्या आवारात पुरलेल्या तान्ह्या भावाला फुलं वाहायला. त्याची आठवण असणारं दुसरं कुणी आता उरलं नव्हतं.

"वडील सामान घेऊन पुढे निघाले," ओमा म्हणाल्या, "आणि आईने मागे थांबून सगळं घर झाडलं. सैनिकांना घाण घर कसं द्यायचं?"

माझ्या तोंडून निसटलंच, "आमच्यात कुणी बाहेर पडलं की लगेच केर काढत नाहीत. गेलेलं माणूस परत येत नाही म्हणतात." बोलले आणि जीभ चावली. ओमा मात्र हसल्या. "हे माहीत असतं तरी तिने झाडलंच असतं."

मला ती कधी न पाहिलेली बाई फार आवडली.

त्या वर्षी करोनामुळे गाव उघडलंच नाही. मी चिडले. बंदुकांना करोना आड येत नाही आणि फुलांना येतो? ओमा शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वर्षी." त्या वयात असं म्हणायला छाती लागते.

पुढच्या वर्षी गाव उघडलं. डॉक्टर नको म्हणत होते, पण ओमा लस, टेस्ट सगळं उरकून निघाल्या. टॅक्सी कोपऱ्यावर वळली आणि नवऱ्याने व्हॅक्युम क्लीनर बाहेर काढला. मी प्लग ओढला.

"अगं, त्या काय आपल्या घरातून गेल्यात?"

"मग कुणाच्या?"

नियम तेवढ्या वेळापुरताच असतो, हे मलाही ठाऊक होतं. तरी ओमा परत येईपर्यंत मी कुणाला केर काढू दिला नाही.

त्या आल्या त्या थेट आमच्याकडेच. "भेटला," एवढंच म्हणाल्या. मग त्यांची नजर आमच्या फरशीवर गेली. मी कारण सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि विचारलं, "झाडू कुठे ठेवतेस?"