आंब्यावरचा भारद्वाज

आज आमच्या जिन्यात एक अनोळखी बाई दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी थांबल्या होत्या. एक हात कठड्यावर, नजर बाहेर. मला पाहून म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे."

माझी आत्या रोज इथेच थांबायची. तिचं हृदय जन्मापासूनच दुबळं होतं, पण दम लागलाय असं ती कधी म्हणाली नाही. "थांबा रे, आंब्यावर भारद्वाज दिसतोय. शुभ असतो," एवढंच म्हणायची. मग घरातले सगळे थांबून भारद्वाज बघायचे. नसला तरी बघायचे. श्वास जागेवर आला की तीच म्हणायची, "उडाला. चला आता."

तिच्यामुळे आम्हा सगळ्यांचीच चाल सावकाश झाली. ऑफिसात मला अजूनही संथ म्हणतात.

आत्याला जाऊन वर्ष होत आलं. मला रडू आलेलं नाही. तिच्या गोळ्यांचा डबा रिकामा करतानाही आलं नाही.

"मला घाई नाही," असं त्या बाईंना म्हणून मी शेजारी उभी राहिले. बाहेर आंबा होता. त्यावर काहीच नव्हतं. बाईंचा श्वास हळूहळू जागेवर आला.

"उडाला," माझ्या तोंडून निघून गेलं. "चला आता."