इंजिन मुंबईहून बंगळूरला आणणारे अण्णा

नारायणराव अण्णांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, आणि भांडणारा मी एकटाच होतो. नोकरीसाठी मुंबई सोडून मी नुकताच एचएसआर लेआउटमध्ये राहायला आलो होतो. सोबत पेट्रोल इंजिनवर उडणारं माझं मोठं मॉडेल विमान होतं. त्याचे पंख माझ्या उंचीहून लांब, आणि मिजास त्याहून लांब. शहराबाहेरच्या मैदानावर पहिल्याच रविवारी इंजिन सुरू केलं, तर ते धूर ओकायला लागलं आणि वेग वाढवला की गुरगुरत बंद पडायला लागलं. मुंबईत हे कसं झकास चालायचं, ते मी जमलेल्यांना तावातावाने सांगत होतो. मागे एक गृहस्थ डोळे मिटून ऐकत उभे होते. म्हणाले, "विमान बंगळूरला आलंय हो, पण इंजिन तुमचं मुंबईतच आहे अजून."

मी चिडलो. अण्णांनी शांतपणे माझ्याकडे पेचकस मागितला. बंगळूर उंचावर, हवा विरळ. समुद्रकाठच्या बेताने सोडलेलं पेट्रोल इथे जास्त होणारच. एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या इंजिनिअरच्या डोक्यात आली नव्हती. चालत्या इंजिनामागे बसून "स्वल्प, स्वल्प" असं पुटपुटत त्यांनी कार्बोरेटरची सुई किंचित आत फिरवली. आवाज स्वच्छ झाला. "सरी, बरोबर," ते म्हणाले, "आता आलं." खरं सांगायचं तर तोवर मीही मुंबईतच होतो. या शहरात माझं कुणीतरी आहे असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

अण्णांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या याच शहरात गेल्या. चामराजपेटेत त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मॉडेल विमानं उडवणाऱ्या आमच्या मंडळात कुणाला इंजिन घ्यायचं असलं की पाय आपोआप तिकडे वळतात. दुसऱ्या विमानाच्या वेळी मीही गेलो होतो. त्यांनी वजन विचारलं. मी म्हणालो, आठ किलो.

"मग पंचावन्न सीसीचं बस झालं."

"अण्णा, पंच्याऐंशीचं मिळतंय."

"ते कुणाला? विमानाला, की बघणाऱ्यांना?"

मी ऐकलं नाही. मोठं इंजिन आणलं, नाक जड झालं, तोल साधायला शेपटीत शिसं भरलं, आणि विमान बाजारातून पिशव्या घेऊन आलेल्या माणसासारखं उडायला लागलं. महिन्याभराने मुकाट्याने लहान इंजिन घेऊन गेलो. अण्णा "मी म्हटलं नव्हतं का" असं एकदाही म्हणाले नाहीत. ते बसवायचे चार अ‍ॅल्युमिनियमचे खुंट त्यांनी आधीच कातून, कागदात गुंडाळून ठेवले होते. त्या पुडक्यावर माझं नाव होतं.

आमच्याकडे इंजिनाची सुई लावताना विमानाची शेपूट धरून बसायचं काम नवख्याकडे असतं. मला अण्णांनी पुरतं वर्षभर शेपूट धरायला लावली. मी कुरकुरलो की म्हणायचे, "इंजिन आधी हाताला कळू दे. कानाला मागाहून कळेल." मैदानावरून परतताना ते मला घरी जेवायला नेत. त्यांच्या पत्नी सरस्वतीअक्का दारातच अडवायच्या: "पेट्रोलचा वास येतोय रे दोघांना, आधी हात धुवा." माझी इथली पहिली दिवाळी त्या घरात झाली. आईची आठवण येऊन मी भात नुसता चिवडत बसलो, तेव्हा अण्णांनी काही विचारलं नाही. नुसती इंजिनाची गोष्ट काढली आणि माझं ताट रिकामं होईपर्यंत ती संपू दिली नाही.

गेल्या दोन वर्षांत अण्णांची श्रवणशक्ती बरीच मंदावली आहे. कानातल्या यंत्रातून माणसं ऐकू येतात, पण इंजिनं सगळी सारखीच वाजतात, असं ते सांगतात. तेव्हापासून ते मैदानावर आलेले नाहीत. स्वतःसाठी चार वर्षं खपून बांधलेलं पिवळं विमान वर्कशॉपमध्ये तसंच उभं आहे, अजून एकदाही न उडालेलं. दर रविवारी इंजिन सुरू करताना आम्ही सवयीने मागे वळून बघतो. तिथे कुणी डोळे मिटून उभं नसतं. अण्णांची फार आठवण येते, आणि ते अर्ध्या तासाच्या अंतरावर घरी बसलेले असतात, याचं जास्त वाईट वाटतं.

मागच्या महिन्यात मी हट्टच धरला. पिवळं विमान वर्कशॉपच्या अंगणात काढलं आणि अण्णांना शेपूट धरून बसवलं. शिष्याने गुरूला नवख्याच्या जागी बसवणं मला जड गेलं, पण ते बसले. इंजिन सुरू करून मी सुई आत घेत गेलो. अण्णांनी डोळे मिटले. एका क्षणी त्यांचं बोट वर झालं. "सरी." मी कान देऊन ऐकलं. आवाज स्वच्छ होता, अगदी पहिल्या रविवारसारखा.

मी मैदानावर चलायचा आग्रह केला. ते हसले आणि म्हणाले, "इथे शेपूट हातात आहे रे. वर गेल्यावर काय धरू?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. फडक्याने हात पुसत ते आत गेले.

आता सुचलं आहे. कान दमले असले तरी अण्णांचे डोळे शाबूत आहेत आणि हा गौरवग्रंथ ते पहिल्या पानापासून वाचतील, म्हणून ते उत्तर इथे लिहितो. अण्णा, पंचाहत्तरीनिमित्त सगळे तुमच्यासाठी उदंड आयुष्य मागतील. मीही मागतो, आणि निरोगी मागतो. पण त्यातला एक रविवार आम्हाला द्या. विमान तुमचं, रिमोट तुमच्या हातात. जमिनीवर असेतो शेपूट मी धरीन. वर गेल्यावर तुमच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहीन, आणि इंजिन जसं वाजेल तसं बोटांनी तुम्हाला सांगत राहीन. ते आधी हाताला कळतं, हे तुम्हीच शिकवलंत.