टाचेचं हाड

हाडांच्या वॉर्डात प्लास्टर घालण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं, आणि तेवढ्या काळात त्याने ऐकलेल्या थापांनी दुसऱ्या कोणाचे कान किटले असते. हात टेकून पडलेल्याचं मनगट मोडतं, मोटारसायकलवाल्याची नडगी, म्हाताऱ्यांचा खुबा. हाडं बिचारी सरळ सांगतात, आडवळण माणसांच्या तोंडात. भिंतीवर ठोसा मारून करंगळीखालचं हाड मोडलेला गडी म्हणतो, "दार लागलं हो." हा पट्टी भिजवत विचारतो, "दाराला फार लागलं नाही ना?" आणि आपल्याच विनोदावर खो खो हसतो.

त्या सकाळी थोरल्या भावाने आईला चाकाच्या खुर्चीतून आणलं, तेव्हा मात्र त्याचं हसू पळालं.

आई एकटी राहायची, आपल्या घरात, आपल्या मर्जीने. मागे एकदा ती शिडीवरून पडता पडता वाचली, तेव्हा भावाने बजावलं होतं, "पुन्हा चढलीस तर घराला कुलूप. गाशा गुंडाळायचा आणि माझ्याकडे यायचं." भाऊ बोलेल ते करणारा.

"बाथरूममध्ये घसरले," आई म्हणाली.

त्याने एक्स-रे उजेडात धरला. टाचेचं हाड चेपलं होतं. घसरलेल्याचा घोटा जातो, खुबा जातो. टाच अशी चेपते ती उंचावरून पायांवर आदळल्यावर. डॉक्टरांनीही ते ओळखून पाठीचा फोटो काढायला लावला होता. पाठ शाबूत होती, नशीब.

"बाथरूमच ना रे?" भावाने विचारलं. "मला शंका येतेय."

आई छताकडे बघत होती. तिचे ओठ थरथरत होते. त्याने एक्स-रे पाकिटात सारला.

"बाथरूमच, दादा. फरशी बुळबुळीत असते."

भाऊ औषधं आणायला गेला. हा पट्टी गुंडाळू लागला.

"कशाला चढलीस?"

"टाकीत पाला पडला होता. तुला किती वेळा सांगितलं, ये म्हणून."

सांगितलं होतं खरं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला, पण हात हळूच चालले.

"टाकी मी रविवारी साफ करतो. आणि शिडी माझ्या घरी नेतो."

"माझी शिडी?"

"आई, दोघींपैकी एक तुझं घर सोडणार. शिडी, नाहीतर तू."

आईने पायावरच्या पट्टीकडे पाहिलं.

"ने," ती म्हणाली. "पण तू चढू नकोस हो तिच्यावर. वरची पायरी मोडलीय."