बळीराम निखाडे यांचे उपवास

बळीराम निखाडे आमचे शेजारी. लष्करी कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये त्यांची आणि आमची भिंत एकच होती, आणि ती सरकारी भिंत असल्यामुळे पलीकडे कोणाला उचकी लागली तरी इकडे कळायचं. म्हणून हे सगळं मी निम्मं पाहून आणि निम्मं ऐकून सांगते आहे. पदरचं काही घातलेलं नाही.

बळीरामभाऊ मूळचे काटोलकडचे. कारखान्यात मोठा ट्रक चालवायचे. सोळा वर्षांत गाडीला ओरखडा नव्हता. बुटके, रुंद, आणि पोट असं की स्टिअरिंगला टेकायचं. ते म्हणायचे, "त्याच्यानंच तं बरं होते शरयूबाई, वळणावर तिसरा हात कामी येते." गाडीशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं त्यांना वाटतही नव्हतं.

एकाहत्तरच्या जुलैत कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर वर्गीस आले. केरळचे, तरुण, आणि कागदावर लिहिलेलं सगळं खरंच करायचं असतं असं मानणारे. त्यांच्या पाठोपाठ एक हुकूम आला. मोठी गाडी चालवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक ड्रायव्हरची तपासणी होणार: डोळे, कान, रक्तदाब आणि वजन. जो नापास होईल त्याला स्टिअरिंगवरून उतरवून फाटकावर बसवणार. तिथे स्टुलावर बसायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे. कारखान्यात याला लाइट ड्यूटी म्हणायचे.

भाऊंच्या डोळ्यांबद्दल प्रश्नच नव्हता. नदीच्या ग्वारीघाटावर उभे राहून ते पलीकडच्या काठावरची म्हैस कोणाची ते सांगायचे. रक्तदाबही कसाबसा बसला. मग ते काट्यावर चढले. त्यांच्या उंचीला, सगळी सवलत धरून, ऐंशी किलो चालत होतं. काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला.

"साब," भाऊ म्हणाले, "गाडी का वजन खाली करके लेते हैं. मैं तो लोडेड आया हूँ. घर से जेवून निकला."

डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या दिवशी उपाशी बोलावलं. अनलोडेड भाऊ सत्त्याऐंशी भरले.

"दो महीना टाइम देता हूँ," डॉक्टर म्हणाले. "हफ्ते में दो-तीन दिन फास्ट रखो. तुम लोग तो रखता है न?"

भाऊ आनंदाने घरी आले. त्यांना वाटलं होतं डॉक्टर गोळ्या देतील, इंजेक्शनं टोचतील, नाहीतर मैदानात उड्या मारायला लावतील. हा तर देवमाणूस निघाला, उपवास सांगितला! भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, "अनसूया, श्रावण लागला नं? मंग सोमवार, शनिवार आपले पक्के. चतुर्थी आली तं चतुर्थी, एकादशी आली तं एकादशी. डॉक्टरसाहेबाची ऑर्डर हाय."

आता डॉक्टर वर्गीसांच्या गावी उपवास म्हणजे पोटात काही न घालणं. त्या बिचाऱ्याला काय माहीत, आपल्याकडे उपवास हा खाण्याचा एक प्रकार आहे. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे काय उगाच म्हणतात? सोमवारी सकाळी साबुदाण्याची खिचडी, तुपात लोळलेली. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी. संध्याकाळी रताळ्याचे काप. शनिवारी शिंगाड्याच्या पिठाचा शिरा, आणि शिंगाडे खास सिहोऱ्याहून मागवलेले. मध्ये भूक लागलीच तर राजगिऱ्याचे लाडू होतेच. भात, पोळी, भाजीला भाऊ हातसुद्धा लावायचे नाहीत. इतकी निष्ठा मी कीर्तनकारांतही पाहिलेली नाही.

मी एकदा अनसूयाबाईंना म्हटलंही, "अहो, याने वजन उतरेल का?"

"काहून नाई उतरणार?" त्या खिचडीवर आणखी एक चमचा तूप सोडत म्हणाल्या. "उपासच तं करून राहिले ते."

नवरात्रात नऊ दिवस उपवास झाले. दसऱ्यानंतर भाऊ कपाळाला गंध लावून, खात्रीने काट्यावर चढले. काटा एक्क्याण्णव दाखवत होता.

आमचे हे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून होते. त्यांनी सांगितलं की डॉक्टरांनी काटा दोनदा झटकला, मग स्वतः चढून पाहिलं. काटा बरोबर होता. त्यांनी कागदावर सही केली आणि भाऊ फाटकावर गेले. शेवटची संधी नोव्हेंबरअखेर.

हेवी लायसन्स, हेवी माणूस आणि लाइट ड्यूटी, अशी थट्टा कारखानाभर झाली. मीही हसले. पण दुसऱ्या आठवड्यात ह्यांचा डबा द्यायला फाटकावर गेले तेव्हा हसू पळालं. भाऊंचाच ट्रक बाहेर पडत होता आणि त्यावर दुसरा कोणी होता. गिअर करकरला. भाऊ स्टुलावरून उठून ओरडले, "अबे, क्लच दाब! पूरा दाब!" गाडी निघून गेली. मग ते खाली बसले आणि नंबर लिहायला लागले. नंबर बघायची त्यांना गरज नव्हती, तो पाठ होता. तरी त्यांनी मान वर करून बघितलं.

त्यानंतर त्यांचं खाणं सुटलं. उपवासाचं आणि बिनउपवासाचं, दोन्ही. भिंतीपलीकडे इतकी शांतता झाली की मी आमच्या रेडिओचा आवाज लहान केला. रेडिओवर तेव्हा सीमेवरच्याच बातम्या असायच्या.

एका दुपारी अनसूयाबाई आमच्या ओट्यावर तांदूळ निवडायला आल्या. निवडता निवडता थांबल्या आणि सरळ म्हणाल्या, "शरयूबाई, मीच खाऊ घातलं त्याईले."

"म्हणजे?"

"मले का समजत नाई का, साबुदाण्यानं माणूस फुगते? पासष्टच्या लढाईत हे गाडी घेऊन गेले, तं एकोणीस दिवस पत्ता नव्हता. मी रोज दरवाज्यात. आता पुन्हा लढाई येऊन राहिली म्हणतात. फाटकावर बसले तं बसले, घरी तं येतीन, असं वाटलं मले. म्हणून तूप टाकत गेली." त्यांनी पदराने नाक पुसलं. "पण हा माणूस घरी येते कुठं? नुसते कपडे येऊन राहिले."

मला त्यांचा राग आला. नवऱ्याला वाचवायला बाई काय काय करते, पण तुपाचं हत्यार केलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मी म्हटलं, "मग आता काय करणार?"

त्या सूप झटकून उठल्या. "उपास बंद."

आणि बंद म्हणजे बंद. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, बिनतुपाचं वरण. एकादशीला भाऊंनी सवयीने विचारलं, "आज खिचडी नाई?" तर उत्तर मिळालं, "आज भाकर. पाप मले लागू दे." रोज पहाटे दोघं पायी ग्वारीघाटाला जायची आणि पायीच परत. पुढे अनसूयाबाई, मागे धापा टाकत भाऊ. घाटावरच्या नाववाल्यांना वाटलं काही मोठा नवस आहे. एकाने विचारलंही, "भैया, लड़के की नौकरी के लिए?" भाऊ म्हणाले, "नहीं, अपनी ही."

चुकतमाकत सगळं चाललं होतं. एकदा चोरून भजी खाल्ल्याचं त्यांनी स्वतःच कबूल केलं, आणि त्या दिवशी घाटाच्या दोन फेऱ्या झाल्या. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते काट्यावर चढले. साडेएकोणऐंशी.

डॉक्टर वर्गीसांचा चेहरा उजळला. "देखा! मैं बोला था न, फास्ट रखो."

"नहीं साब," भाऊ नम्रपणे म्हणाले, "फास्ट छोड़ा, तब उतरा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, थोडा विचार केला आणि काही न विचारता फिट लिहिलं. माणूस शहाणा होत चालला होता.

आठच दिवसांत लढाई लागली. चार डिसेंबरला सकाळी कारखान्यातून गाड्यांची रांग निघाली. भाऊ फाटकातून बाहेर पडले ते असे ताठ बसून, की जणू ट्रक नवाच मिळालाय. आम्ही सगळ्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. अनसूयाबाई रडल्या नाहीत. फक्त ओरडून म्हणाल्या, "खात जा वेळेवर!" आणि मग जीभ चावली.

मग त्यांचं ते दरवाज्यात उभं राहणं सुरू झालं. मी रोज चहा घेऊन जायची आणि रोज गार झालेला कप परत आणायची. दोन आठवड्यांत लढाई संपली, पेढे वाटले गेले, इतरांच्या घरी पत्रं आली. इकडे काही नाही. अठरा, एकोणीस, वीस दिवस झाले. अनसूयाबाई एकविसाव्या दिवशी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मला वाटतं, उपवास बंद करण्यात माझा हात होता असं त्यांना वाटत असावं.

बाविसाव्या दिवशी दुपारी गाडी कॉलनीच्या तोंडाशी येऊन थांबली. भाऊ उतरले. शर्टाची दोन बटणं तुटलेली, गाल वर आलेले, पोट पुन्हा पहिल्यासारखं. नंतर कळलं, वाटेत गावोगावच्या लोकांनी लढाईची गाडी म्हणून ट्रक अडवून अडवून पुऱ्या, लाडू, शिरा खाऊ घातला होता. लोक प्रेमाने देऊन राहिले, नाई कसं म्हणायचं? असा त्यांचा सवाल होता. तेव्हा मात्र आम्हाला एवढंच दिसलं की हा माणूस चांगला आठ किलो वाढून आला आहे, आणि ओट्या-ओट्यांवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

अनसूयाबाई अनवाणीच धावत गेल्या. भाऊंच्या समोर थांबल्या, त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, दोन्ही दंड हातांनी चाचपले, आणि बावीस दिवसांचं रडू एकदम फुटलं.

"किती वाळले हो तुमी!"